'वेअरवुल्फ'मधला 'वेअर' कोण?

'वेअरवुल्फ' म्हणजे लांडगा होणारा माणूस, हे इंग्रजी सिनेमांनी आपल्याकडून पाठ करून घेतले आहे. शब्दातल्या 'वुल्फ'बद्दल वाद नाही. भांडण आहे ते 'वेअर'वरून. माझ्या मते तो जुन्या इंग्रजीतला 'वेर', म्हणजे पुरुष. खून झाला की मृताच्या आप्तांना जी भरपाई द्यावी लागे ती 'वेरगिल्ड', तिथेही हाच 'वेर'. लॅटिन 'विर' आणि आपला 'वीर' हे त्याचे भाऊबंद. 'वुल्फ'चा सोयरा तर भीमाच्या 'वृकोदर' या नावातच बसला आहे. १३व्या शतकाच्या आरंभी टिलबरीच्या जर्व्हेसने आपल्या लॅटिन ग्रंथात हीच फोड दिली होती.

काही जण हा 'वेअर' गुन्हेगार या अर्थाच्या 'वेअर्ग'मधून काढतात. कल्पना मोहक आहे, पण मग शेवटचा 'ग' गेला कुठे? माझ्या मतावरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. हा शब्द प्रथम सापडतो तो राजा कनूटसाठी आर्चबिशप वुल्फस्टनने १०२०च्या सुमारास रचलेल्या कायद्यांत, आणि तिथे रूप पालटणारे कोणी नाहीच. पिसाळलेल्या 'वेरवुल्फ'ने कळपाचे लचके तोडू नयेत म्हणून बिशपांनी मेंढपाळासारखे जागे राहावे, एवढेच बजावले आहे, रोख सैतानावर. पण अर्थ लाक्षणिक झाला म्हणून शब्दाची घडण बदलत नाही. फ्रेंचांची तर गंमतच: जर्मानिक भाषेतल्या याच शब्दातून आलेल्या 'गारू'त लांडगा होताच, तरी त्यांनी त्याच्यापुढे पुन्हा 'लू', म्हणजे लांडगा, जोडला. तेव्हा 'वेअर्ग'चा दावा टिकत नाही. 'वेअर' म्हणजे माणूसच.