सकाळी अकराचा आलेख

नाशिकच्या द्वारका चौकात पहाटे पाचला पोहोचणाऱ्याला इथल्या ट्रॅफिकच्या तक्रारी खोट्या वाटतील. संध्याकाळी सातला तोच माणूस उड्डाणपुलाखाली अडकला की त्याची भाषा बदलते. दिवसभरातल्या गाड्यांची सरासरी काढून त्याची समजूत निघणार नाही. इंटरनेटची लाइन वाढवायची की नाही, हे मात्र बहुतेक ऑफिसांत सरासरीवरच ठरतं.

समजा, अंबडमधल्या एका कारखान्याकडे 100 एमबीपीएसची लाइन आहे. महिन्याच्या रिपोर्टमध्ये वापर 30 टक्के, त्यामुळे मालक निश्चिंत. पण सकाळी अकराला व्हिडिओ कॉल, ड्रॉइंगच्या फायली आणि बिलिंग एकदम सुरू होतं आणि वापर 90 टक्क्यांवर जातो. रांगांच्या गणितातलं साधं सूत्र सांगतं, की लाइन निम्मी भरली की डेटाला रिकाम्या लाइनपेक्षा दुप्पट वेळ लागतो. 80 टक्क्यांवर पाचपट, 90 वर दहापट. या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी 1909 मध्ये घातला. तेव्हा प्रश्न फोनच्या तारांचा होता, एवढाच फरक.

म्हणून पाच-पाच मिनिटांच्या नोंदींचा आलेख बघावा. गर्दीच्या तासाला वापर रोजच 70-80 टक्क्यांवर जात असेल, तर नव्या लाइनची चौकशी सुरू करायची वेळ झाली. त्याआधी एक खात्री करून घ्यावी: कुणी भरदुपारी सर्व्हरचा बॅकअप तर लावलेला नाही ना? तो रात्री दोनला ढकलला की कित्येकदा खर्च वाचतो. ऑफिसातला वायफाय राउटर दमला असेल, तर लाइन दुप्पट करूनही उपयोग शून्य.

गर्दी कायमची की चार दिवसांची, हेही बघायला हवं. 2015 च्या सिंहस्थात नाशिकची शाही स्नानं 29 ऑगस्ट, 13 आणि 18 सप्टेंबरला झाली. अशा तीन दिवसांसाठी कायमचे टॉवर बांधणं परवडत नाही. त्यासाठी मोबाइल कंपन्यांकडे चाकांवरचे टॉवर असतात. त्याच कुंभात स्थानिक विद्यार्थ्यांनी ‘आशिओतो’ ही पावलं मोजणारी चटई आणली होती. वाटेवरून किती माणसं पुढे सरकताहेत, हे ती सांगायची. नेटवर्कच्या आलेखाचं कामही याहून वेगळं नाही.

पुढच्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाही स्नान, 2 ऑगस्ट 2027 ला, ऐन पावसाळ्यात आहे. पंचवटीतल्या ज्या लॉजवाल्यांना त्याआधी फायबर हवं आहे, त्यांनी अर्ज आताच टाकलेला बरा. पावसाळ्यात रस्ता खोदायची परवानगी सहसा मिळत नाही.