न्याहारीला नवा पाहुणा

प्रार्थनेच्या वेळी उपाशीपोटी घेरी येणारी मुले आम्ही शाळेत वर्षानुवर्षे पाहिली. गतवर्षी आमचीच नात तशी पडली. सकाळी पोह्यांना वेळ नसतो, हे तिचे उत्तर. आम्हां इंदूरकरांच्या घरी ग्रॅनोला आला तो असा.

याचा पूर्वज १८६३ साली अमेरिकेतील डॅन्सव्हिल येथे डॉ. जेम्स जॅक्सन यांनी सिद्ध केला. तो इतका कठीण असे, की रात्रभर भिजवावा लागे. आजची कृती सोपी आहे. तीन वाट्या जाड ओट्स, वाटीभर बदाम-अक्रोडाचे तुकडे, पाव वाटी तेल व तितकाच मध कालवून ताटात पसरावे. ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर सुमारे २५ मिनिटे, मधून एकदा हलवून, भाजावे. प्रथम आम्ही मनुकाही सोबतच भाजल्या. त्या करपून कडू झाल्या. सुकी फळे भाजणीनंतरच मिसळावीत. मिश्रण निवल्यावरच कुरकुरीत होते, तोवर धीर धरावा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. मधामुळे वर्षाच्या आतील बालकास मात्र हे देऊ नये.

आता नात दुधात मूठभर ग्रॅनोला घालून, खाऊनच निघते. पोहे रविवारी आहेतच!