शेक्सपिअर सगळ्या वर्गाचा

डिस्लेक्सियामुळे वाचताना अडखळणारा मुलगा, दोन वर्षांपूर्वीच परदेशातून आलेली आणि अजून इंग्रजी शिकत असलेली मुलगी, केंब्रिजला जायचे ठरवून बसलेला हुशार विद्यार्थी. इंग्लंडमधल्या साध्या सरकारी शाळेत हे तिघे एकाच वर्गात असतात आणि तिघांपुढे एकच नाटक असते, ‘मॅकबेथ’. 2014 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 11 ते 14 वयोगटाला शेक्सपिअरची दोन नाटके आणि पुढच्या दोन वर्षांत किमान एक नाटक सक्तीचे आहे. नाव घेऊन सक्तीचा केलेला लेखक हा एकटाच. 2017 पासून सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत इंग्रजी साहित्याची सोपी आणि अवघड अशी दोन पातळ्यांची विभागणीही राहिलेली नाही. शिवाय परीक्षेत पुस्तक जवळ बाळगता येत नाही.

मग कच्च्या मुलांचे काय करायचे? जुने उत्तर सोपे होते: त्यांना गोष्ट सांगा, मूळ ओळी हुशारांसाठी ठेवा. चार्ल्स आणि मेरी लँब यांनी 1807 मध्ये या नाटकांच्या गद्य कथा लिहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या वाचल्या. पण शेक्सपिअरने गोष्टी बहुतेक उसन्याच घेतल्या होत्या. मॅकबेथची कथा होलिन्शेडच्या बखरीतली आहे. भाषा बाजूला ठेवली, तर मुलाच्या हाती होलिन्शेड उरतो. मराठी वाचकाला हे वेगळे समजावायला नको. 1970 च्या ‘नटसम्राट’मागे लिअर राजाची छाया आहे, पण आपल्या मनात ते नाटक घर करून आहे ते शिरवाडकरांच्या भाषेमुळे. सारांशावर बोळवण झालेल्या मुलाला नेमकी हीच गोष्ट नाकारली जाते.

खुद्द शेक्सपिअरच्या नटांनाही अख्खे नाटक वाचायला मिळत नसे. मराठी नाटक कंपन्यांत नकला वाटत, तशी प्रत्येकाच्या हाती फक्त स्वतःची भाषणे पडत, आणि आधीच्या पात्राचे शेवटचे दोन-चार शब्द. बाकीचे कानाने टिपायचे. समोर एक पेनी देऊन उभे राहणारे प्रेक्षकही होते, आणि त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हते. हे लेखन जन्मापासूनच सगळ्या कुवतीच्या माणसांसाठी होते. बाकावर बसून शब्दार्थ उतरवून घेणे ही नंतरची रीत.

ती मोडण्याचे प्रयत्नही जुने आहेत. केंब्रिजच्या पर्स शाळेतले शिक्षक कॉल्डवेल कुक मुलांना नाटक करूनच शिकवत. त्यांचे ‘द प्ले वे’ हे पुस्तक 1917 चे. 1986 मध्ये रेक्स गिब्सन यांनी केंब्रिजमध्ये ‘शेक्सपिअर अँड स्कूल्स’ प्रकल्प सुरू केला. त्यातून पुढे आलेल्या शालेय आवृत्त्यांत उजव्या पानावर नाटक आणि डाव्या पानावर करून पाहायच्या गोष्टी असतात. 2008 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने शाळांपुढे तीन मागण्या ठेवल्या: उभे राहून शिका, प्रयोग प्रत्यक्ष पाहा, लहान वयात सुरुवात करा.

‘मॅकबेथ’चा दुसरा अंक घ्या. राजाचा खून करून मॅकबेथ बायकोकडे येतो, तेव्हा दोघे एकेका शब्दात बोलतात. पद्याची ओळ तुटून दोघांच्या तोंडी वाटली जाते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला एक शब्द सहज पेलतो, आणि तो शब्द मुख्य भूमिकेतला असतो. तो कुजबुजायचा की दचकून उच्चारायचा, हे त्याने ठरवायचे. खुनाआधीच्या स्वगतासाठी वेगळी युक्ती आहे. मुले वाचत चालतात आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलतात. काही ओळींतच इतकी वळणे येतात की मॅकबेथच्या मनाची ओढाताण पायांनाच कळते. मग प्रश्न येतो: तो इथेच का थांबला? तिथून हुशार मुलांचे काम सुरू होते. त्यांनाही या पद्धतीची तितकीच गरज आहे, कारण चटकन अर्थ लावणारे मूल एका अर्थावर थांबते. शेजाऱ्याने तीच ओळ निराळ्या रागाने म्हटली की त्याला दुसरा अर्थ ऐकू येतो.

अभिनेत्री-दिग्दर्शिका केली हंटर यांचे काम तर याहून पुढे जाते. स्वमग्न मुलांसाठी त्यांनी शेक्सपिअरमधून खेळ तयार केले. त्यांचा पाया आहे ओळीतले पाच ठोके, हृदयाच्या ठोक्यांसारखे लघु-गुरू. नट आणि मुले आधी हा ताल धरतात. मग एकमेकांच्या डोळ्यांत पाहणे, चेहऱ्यावरची भावना ओळखणे असे खेळ येतात. बोलणेच अवघड असलेल्या मुलांपर्यंत ही भाषा तालाच्या वाटेने पोचते.

खेळ केला म्हणजे शिकवून झाले, असे मात्र नाही. बाके सरकवून घातलेला गोंधळ पुन्हा ओळीकडे आला नाही, तर तो तास फुकट गेला. वर्गातल्या प्रत्येकाला मूळ शब्द बोलायला मिळाले का, आणि ते तसे का बोलले हे त्याला सांगता आले का, एवढे शिक्षकाने तासाच्या शेवटी तपासावे. वाट प्रत्येकाची वेगळी असू द्या: कुणाला एक शब्द, कुणाला पूर्ण स्वगत, कुणाला नुसता ताल. मात्र कुवतीच्या नावाखाली मुलाच्या हातून मूळ नाटक काढून घेण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.