पिलांची हगवण आणि बाटलीतील विषाणू

डुकरांची कोवळी पिले पाण्यासारख्या हगवणीने एकाएकी मरू लागली की पालकाचे सारे वेत वाया जाते. अशी हगवण पुष्कळदा आतड्यातील विषाणूमुळे होते. विषाणू केवळ जिवंत पेशीतच वाढतो. त्याचा नीट अभ्यास करून लस बनविण्यासाठी तो प्रयोगशाळेत, बाटलीत जोपासलेल्या पेशींवर वाढवावा लागतो.

हे काम सोपे नाही. डुकरांच्या साथीच्या हगवणीचा विषाणू १९७८ साली बेल्जियममध्ये ओळखला गेला. परंतु पुढे दहा वर्षे तो बाटलीत नीट वाढेना. आतड्यात पाचक रसातील ट्रिप्सिन हे द्रव्य विषाणूच्या आवरणावरील प्रथिन छेदते आणि मग त्यास पेशीत शिरणे सुलभ होते. १९८८ साली स्वित्झर्लंडमधील संशोधक हॉफमान व वायलर यांनी माकडाच्या मूत्रपिंडापासून जोपासलेल्या व्हेरो पेशींस अल्प ट्रिप्सिन दिले, तेव्हा विषाणू वाढू लागला. पोषणद्रवातील रक्तजल ट्रिप्सिनला निष्प्रभ करते. म्हणून पेशी आधी धुऊन घेतात. पुण्यात बालकांच्या हगवणीवर तयार होणारी रोटाव्हायरसची लसही व्हेरो पेशींवरच वाढवितात.

प्रयोगशाळेस नमुना मात्र गावातूनच मिळतो. अर्धापूर परिसरातील पालकांनी हगवण दिसताच पहिल्याच दिवशी ताजी विष्ठा स्वच्छ बाटलीत घ्यावी व बर्फात ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवावी. प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाही. जन्मताच पिलांना आईचा चीक पाजावा, जागा कोरडी व उबदार ठेवावी आणि आजारी पिले वेगळी करावीत. ग्रामसेवकांनी ही माहिती प्रत्येक वराहपालकास समजावून द्यावी.