डासाच्या पलीकडचा मेंदूज्वर

पावसाळ्यात मूल तापाने फणफणलं, त्याला झटके आले आणि शुद्ध हरपली, की ‘मेंदूज्वर’ म्हटलं जातं आणि दोष डासाला दिला जातो. जपानी मेंदूज्वराच्या बाबतीत तो योग्यच आहे. त्याचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो व भातखाचरांत पैदास होणारा क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतो. 2005 साली पूर्व उत्तर प्रदेशात या आजाराने हजारावर बळी घेतले, त्यांत बहुतेक मुलंच होती. बुलढाणा जिल्हा मात्र कपाशी-सोयाबीनचा. इथल्या मुलांसाठी मला अधिक धास्ती वाटते ती चांदीपुरा विषाणूची. हा विषाणू मुख्यतः वाळूमाशी पसरवते, त्यामुळे केवळ डासांवर उभी असलेली मोहीम इथे अपुरी पडते.

हा विषाणू विदर्भातच सापडला. 1965 साली नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तो आढळला आणि गावाचंच नाव त्याला मिळालं. पुढे जवळजवळ चार दशकं त्याला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 2003 साली आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडून 183 दगावली, तेव्हा डोळे उघडले. 2007 मध्ये नागपूर विभागातही साथ आली. वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, गुणगुण न करणारी. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत शिरते. तिची अंडी साचलेल्या पाण्यात नसतात. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणकचऱ्याखालची दमट माती, ही तिची जागा. म्हणून पाण्याची भांडी रिकामी करण्याचा आठवड्याचा कोरडा दिवस कितीही काटेकोर पाळला, तरी तिला त्याची झळ पोचत नाही. भेगा लिंपणं, उकिरडा घरापासून लांब नेणं आणि घर-गोठ्याच्या भिंतींवर आतून कीटकनाशक फवारणं, हे उपाय लागतात.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक मेंदूज्वर चांदीपुराचा कुठे असतो? नसतोच. 2024 साली गुजरात व आसपासच्या 245 संशयित रुग्णांपैकी 64 जणांतच तो सिद्ध झाला. मलेरिया, जपानी मेंदूज्वर, इतर विषाणू यांची तपासणी व्हायलाच हवी, डासांविरुद्धची कामंही थांबू नयेत. पण कारण अनिश्चित असताना एकाच कीटकावर सगळी भिस्त ठेवणं हे शहाणपण नव्हे. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: चांदीपुरावर औषध नाही, लस नाही, मग धावपळ कशासाठी? कारण झटके आटोक्यात आणणं, श्वास चालू ठेवणं, रक्तातली साखर सांभाळणं आणि मेंदूवरची सूज उतरवणं दवाखान्यात करता येतं. या आजारात मूल एक-दोन दिवसांतही जातं. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय लांब पडतं, तिथे गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. म्हणून पावसाळ्याआधी भिंतींची फवारणी व्हावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत झटके थांबवणारं औषध व प्राणवायू तयार असावा, ही मागणी ग्रामसभांनी ठरावानिशी करावी. आणि आईवडिलांनो, तापात मुलाला झटका आला, तर त्याला कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका आणि सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.