कोतवालाचा गुरुवार

पहाटे 5.40
तात्या मोटारसायकल पुसतायत. रात्री पाऊस झालाय, सीट ओली आहे. गाडी जुनी, तिसऱ्या हाताची. चोक ओढून तीन किका मारल्यावर ती एकदाची सुरू होते.

गाव खेड तालुक्यातलं, चाकण एमआयडीसीच्या कुंपणाला चिकटलेलं. नाव सांगत नाही. पुढे सातबारा येणार आहे, आणि सातबारा आला की भाऊबंदकी आलीच. तात्या इथले कोतवाल. शासनानं हुद्द्याचं नाव आता ‘महसूल सेवक’ केलंय. गावाला ते कळलेलं दिसत नाही.

रेक्झिनच्या पिशवीत आज बावीस नोटिसा आहेत. सोबत शाईचं पॅड, गोंदाची बाटली, दोन पेनं, पोच घ्यायची वही. पाऊस म्हणून सगळं एका दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं.

नोटिसा गुरुवारीच का? कारण गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. बाकीच्या दिवशी खोल्यांना कुलपं असतात. नाहीतर रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो आणि उठवलं की शिव्या घालतो.

सकाळी 7.10
पहिली चाळ. दहा बाय दहाच्या खोल्या, वर पत्रा, दारात निळे ड्रम. भाडं साडेतीन हजार, लाइटबिल वेगळं. लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळ. मधल्या चार खोल्यांत बिहारची पोरं, शेवटच्या दोनांत ओडिशाची. कुणी वेल्डर, कुणी प्रेस शॉपला, कुणी नुसता हेल्पर. एकाच नळावर पाच भाषांत भांडण चालू.

नोटीस मात्र भाडेकरूंना नाही, मालकांना. मालकही बाहेरचेच. दहा वर्षं कंपनीत काढली, गावाकडचं थोडं विकलं, इथं एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. तेवढ्यात दोन खोल्या स्वतःला, दोन भाड्याला.

1947 चा तुकडेबंदी कायदा असे तुकडे पाडू देत नव्हता. लोकांनी वाट काढली: एकाच गटात सगळ्यांची नावं सामाईक. आजच्या गटाच्या सातबारावर एकसष्ट नावं आहेत. त्यातला एकजण वारला. वारसांची नोंद धरली, की उरलेल्या सगळ्यांना नमुना 9 ची नोटीस. पंधरा दिवसांत हरकत घ्या, नाहीतर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतील.

“कोतवाल, हे माझ्या घरावर आलंय का?” बनियनवरचा माणूस विचारतो. कागद हातात धरायला तयार नाही.

“नाही ओ. शेजारचे अण्णा गेले ना, त्यांच्या पोरांची नावं लागतायत. सही करा.”

“सही केल्यावर काही होणार नाही ना?”

“सही म्हणजे कागद मिळाला. बास.”

हे संभाषण सकाळपासून मी इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं. नऊपर्यंत चौदा नोटिसा पोच झाल्या. चहा तीन ठिकाणी मिळाला. चौथ्या ठिकाणी तात्यांनीच पाजला.

सकाळी 9.45
तलाठी कार्यालय. खोली एक, संगणक एक, प्रिंटर रुसलेला. कुलूप तात्याच उघडतात, झाडूही तेच मारतात. तलाठी मॅडमकडे शेजारच्या सजाचाही अतिरिक्त कार्यभार आहे. त्या साडेदहाला येतील आणि एकला जातील. तोवर ओटा भरतो.

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपये. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. बुलढाण्याची एक बाई मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी आलीय. नवरा कंत्राटी, पगारपत्रक मिळत नाही. रेशनकार्ड गावाकडचं, मतदान गावाकडं, घरभाड्याची पावती नाही. ती इथं राहते याला पुरावा एकच, ती इथं उभी आहे. तात्या तिला घरमालकाला घेऊन यायला सांगतात. घरमालक यायचा नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. शेवटी तात्याच त्याला फोन लावतात.

सकाळी 11.05
फोन. ओढ्याकडच्या खोल्यांत पाणी शिरलंय.

जाऊन पाहिलं तर गुडघ्याच्या खाली पाणी, तवंग आलेलं. गाद्या भिजल्या, गव्हाचं पोतं भिजलं. पाणी आलं कुठून? रस्त्याच्या मोरीतून. आता कुणाला बोलायचं? रस्ता एमआयडीसीचा. गटार ग्रामपंचायतीचं. बांधकामाला परवानगी द्यायची-नाकारायची ती पीएमआरडीएनं, 2015 पासून. लोक हातघाईवर आले तर येणारे पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, 2018 पासून. पलीकडची शाळा जिल्हा परिषदेची. आमदार खेड-आळंदीचा, खासदार शिरूरचा. आणि पंचनामा खेड तहसीलचा, म्हणजे आत्ता या घटकेला तात्यांचा.

ग्रामपंचायतीचा शिपाई येतो, फोटो काढतो, जातो. तात्या पँट वर खोचून आत उतरतात. खोल्या मोजतात, नावं लिहितात, मॅडमना फोन करतात. मॅडम येईपर्यंत काही हलवू नका, असं लोकांना सांगावं लागतं. गहू भिजलेल्या घराला हे सांगणं सोपं नाही. एक म्हातारी त्यांना काय काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही. तात्या मान खाली घालून लिहीत राहिले.

दुपारी 12.50
डबा. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. चावडीच्या ओट्यावरच.

तात्यांचा आजा याच गावचा येसकर. पगार नाही, बलुतं, भाकरी आणि थोडी वतनाची जमीन. गावात सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, दवंडी द्यायची, मेल्याची खबर गावोगाव पोचवायची. दिवस नाही, रात्र नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं होतं. वतन कायद्यानं गेलं ते 1958 च्या कायद्यानं, आणि त्यानंतर कोतवाल मानधनावर आला.

जमीन राहिली. पण ती भोगवटादार वर्ग 2. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आज्याच्या सव्वा एकरावर आता चुलतभावंडं धरून तेवीस नावं आहेत. कुंपणापलीकडे गाड्या बनतात, अलीकडे या तुकड्यात बाजरी. मध्यंतरी एक नोटीस तात्यांनी स्वतःच्याच चुलत्याला बजावली. सही घेऊन. घरचा असला म्हणून काय झालं, पोच लागते.

दुपारी 1.40
टपाल घेऊन राजगुरुनगर. मॅडमनी दोन फाइली दिल्यात, तहसीलला आजच पोचायला हव्यात. चाकणहून अंतर दहा-बारा किलोमीटर. आंबेठाण चौकात वीस मिनिटं, तळेगाव चौकात पस्तीस. सुट्टीचा दिवस असून कंटेनर हलत नाही. मोटारसायकल त्यातून काढायची म्हणजे गुडघे आत घ्यायचे. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. मी मागे बसलोय म्हणजे ते आणखी जळतंय, हे तात्या बोलत नाहीत.

राजगुरुनगरचं मूळ नाव खेड. हुतात्मा राजगुरूंचं हे जन्मगाव, म्हणून राजगुरुनगर. तहसील आणि तालुका अजून खेडच.

आवारात तालुका एका नजरेत दिसतो. पश्चिमेच्या वाड्यांवरून आलेले महादेव कोळी आणि ठाकर, प्रांत कार्यालयात जातीच्या दाखल्यासाठी. भीमाशंकरच्या अंगाला अजून पाऊस कोसळतोय. माणसांच्या अंगावर इरली नाहीत, पण प्लास्टिकचे कागद आहेत. भामा-आसखेडचे धरणग्रस्त, जुन्या फाइलीच्या मागे. त्या धरणाचं पाणी 2021 पासून पुण्याच्या पूर्व भागात नळाला येतं. पूर्वेकडचा कांदेवाला, त्याला बांधाची मोजणी हवीय. आणि पांढऱ्या गाडीतून उतरणारे, चाकणकडचे, ज्यांना सगळं आजच हवंय.

तात्यांचं काम सात मिनिटांचं. आवक-जावकच्या टेबलावर शिक्का पडायला पाऊण तास लागला.

दुपारी 4.20
परत गावात. ई-पीक पाहणी राहिलीय. 2021 पासून पीक शेतकऱ्यानंच मोबाईलवर नोंदवायचं. पण पंचाहत्तरीच्या बाबांकडे बटणाचा फोन. त्यामुळे तात्या त्यांच्या शेतात. गटात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. सोयाबीन कमरेपर्यंत, खाली चिखल, चपलेचा अंगठा तुटला. फोटो निघाला, अपलोड होईना. समोर कंपनीचा टॉवर दिसतोय, आणि नेटवर्क नाही.

“पूर्वी चप्पल भत्ता मिळायचा,” तात्या तुटलेली चप्पल हातात धरून म्हणतात. “महिन्याला दहा रुपये.”

संध्याकाळी 6.30
उरलेल्या आठ नोटिसा. पाच माणसं सापडली. एकानं कागद घेतला पण सही नाकारली. वकिलाला विचारतो म्हणाला. दोन खोल्यांना कुलूप. एक मालक निगडीला राहायला गेलेला, दुसऱ्याचा पत्ता कुणालाच नाही. तात्या समोरच्या किराणा दुकानदाराला आणि एका भाडेकरूला पंच म्हणून उभं करतात, गोंद लावतात, कागद दाराला डकवतात. त्याच दारावर इंटरनेटवाल्याची आणि मेसची जाहिरात आहे. दोन्हींच्या मधे सरकारी कागद. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागलाय.

रात्री 8.15
वहीच्या मागच्या पानावर हिशोब. पेट्रोल 150, झेरॉक्स 24, चहा 40, चप्पल शिवायला 20. एकूण 234. मानधन 2023 आधी साडेसात हजार होतं, मग पंधरा हजार झालं, 2024 मध्ये त्यावर दहा टक्के. म्हणजे दिवसाला साडेपाचशे. भाचा कंपनीत कंत्राटावर आहे, ओव्हरटाइम धरून वीस हजार उचलतो. “पण त्याला कधीही काढतील,” तात्या म्हणतात. भाचा म्हणतो, मामाला कुणी काढतही नाही आणि वर चढवतही नाही. दोघांचंही खरं आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणी चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, आंबेठाणच्या बाजूला गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवले असतील आणि राहत दुसरीकडे असतील, तर एक काम करा. सजात जाऊन आपला आत्ताचा पत्ता आणि फोन नंबर लिहून द्या. तुमची नोटीस जुन्या दाराला डकवली जाते, आणि पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.