वायटांगीचा तह: करार एक, मजकूर दोन

सरकारी कंत्राटांच्या कागदांत माझी तीस वर्षं गेली. निविदा हिंदी-इंग्रजी अशी दोन भाषांत असली की शेवटी एक ओळ हमखास असायची: तफावत आढळल्यास अमुक प्रत ग्राह्य. न्यूझीलंडच्या वायटांगीच्या तहात नेमकी ती ओळ नाही.

आपल्याकडचा १८१८चा मंदसौरचा तह होळकरांनी महिदपूरची लढाई हरल्यावर केला. वायटांगीला माओरी प्रमुख हरलेले नव्हते. म्हणजे तिथे इंग्रजांच्या सत्तेला आधार होता तो फक्त संमतीचा. ती संमती कशाला होती?

इंग्रजी मसुद्याचं भाषांतर मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी एका रात्रीत केलं. ६ फेब्रुवारी १८४० पासून सह्या सुरू झाल्या. पुढच्या काही महिन्यांत पाचशेच्या वर प्रमुखांनी सह्या केल्या, बहुतेकांनी माओरी मजकुरावर. इंग्रजीच्या पहिल्या कलमात राणीला ‘सार्वभौमत्व’ दिलंय. माओरीत शब्द आहे ‘कावानातांगा’. गव्हर्नर या शब्दाचं माओरी रूप ‘कावाना’, त्यावरून हा शब्द घडवलेला: गव्हर्नरपण, आपल्या भाषेत सुभेदारी म्हणा. दुसऱ्या कलमात तर इंग्रजी मजकूर फक्त जमिनी-मालमत्तेचा ताबा राखतो, आणि माओरी मजकूर ‘तिनो रांगातिरातांगा’ राखतो, म्हणजे प्रमुखांचा पूर्ण अधिकार, जमिनीवर, गावांवर आणि मोलाच्या सगळ्या गोष्टींवर.

बरं, भाषेत शब्द नव्हता म्हणावं तर १८३५च्या माओरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात त्याच अर्थासाठी ‘माना’ हा शब्द आलाय, आणि त्या भाषांतरातही विल्यम्सचा हात होता. काही जण याला सरळ लबाडी म्हणतात. मी घाईलाही थोडी जागा ठेवतो. पण घाईत केलेल्या नकाशावर इमारत उभी राहिली की जबाबदारी संपत नाही.

सह्या गोळा होत असतानाच, २१ मे रोजी, हॉब्सनने सगळ्या बेटांवर राणीचं सार्वभौमत्व जाहीर करून टाकलं. १८७७ मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी तहाला कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरवलं. गंमत बघा, ज्या कागदावर राज्य उभं, तोच शून्य!

१९७५ मध्ये वायटांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. २०१४ मध्ये त्याने निष्कर्ष दिला: फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलंच नव्हतं. सरकारचं उत्तर लगेच आलं, सार्वभौमत्व राजसत्तेकडेच आहे. न्यायाधिकरणाच्या शिफारशी सरकारवर सहसा बंधनकारक नसतात.